प्रशिक्षकांचे गैरवर्तन आणि कारकिर्दीचे सातत्य : येट्स अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास अस्थिरतेचा आहे. १९९९ च्या विश्वचषकातील विजयानंतर २००१ मध्ये सुरू झालेली 'विमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन' ही स्पर्धा तीन हंगामांतच बंद पडली. २००९ मध्ये सुरू झालेली 'विमेन्स प्रोफेशनल सॉकर'ही तीन हंगामांपलीकडे गेली नाही. २०१३ पासून खेळली जाणारी 'नॅशनल विमेन्स सॉकर लीग' हा तिसरा प्रयत्न मात्र टिकला. तो कोणत्या किमतीवर टिकला, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन फुटबॉल महासंघाने नेमलेल्या सॅली येट्स यांच्या अहवालात मिळते. अमेरिकेच्या माजी प्रभारी ॲटर्नी जनरल असलेल्या येट्स यांनी दोनशेहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा अहवाल ३ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. या अहवालाचे बलस्थान व त्याची मर्यादा या दोहोंचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अहवालाचे प्रतिपादन

अहवालाच्या केंद्रस्थानी पॉल रायली, रोरी डेम्स व क्रिस्टी हॉली हे तीन पुरुष प्रशिक्षक आहेत. तथापि, गैरवर्तन हा काही व्यक्तींचा दोष नसून तो व्यवस्थेचाच भाग बनला होता, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. या दृष्टीने रायली यांचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. २०१५ मध्ये 'पोर्टलंड थॉर्न्स'ची खेळाडू माना शिम हिने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. क्लबने चौकशी केली व रायली यांना दूर केले. जाहीर निवेदनात मात्र करार पुढे न वाढविल्याचे सांगून त्यांचे आभार मानण्यात आले. खरे कारण लीगला व महासंघाला ठाऊक होते. खेळाडूंना व जनतेला नव्हते. काही महिन्यांतच 'वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश'ने त्यांची नियुक्ती केली. त्या संघाने २०१६ चे विजेतेपद मिळविले. २०१७ मध्ये संघ नॉर्थ कॅरोलायना येथे हलविण्यात आला आणि तेथेही २०१८ व २०१९ ची विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी शिम व सिनेड फॅरेली यांची कैफियत 'द ॲथलेटिक'मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. रायली यांनी बहुतेक आरोप नाकारले होते.

कारकीर्द अखंड राहण्याचे कारण या घटनाक्रमात स्पष्ट होते. एका क्लबने बाळगलेले मौन दुसऱ्या क्लबच्या दारी शिफारसपत्र ठरले. हे मौन केवळ बेफिकिरीतून आलेले नव्हते. प्रशिक्षकाकडून दावा दाखल होण्याची धास्ती, क्लबच्या प्रतिष्ठेची चिंता आणि हीही लीग कोसळेल ही भीती, यांमुळे प्रत्येक क्लबला गप्प राहणे सोयीचे वाटले. हा कार्यकारणभाव कागदपत्रांच्या आधारे उलगडून दाखविणे, हे अहवालाचे निःसंशय यश आहे.

अहवालाच्या मर्यादा

पहिली मर्यादा अधिकाराची आहे. साक्षीदारांना हजर राहण्यास भाग पाडण्याचा अधिकार येट्स यांना नव्हता. पोर्टलंड, शिकागो व लुइव्हिल या तिन्ही क्लबांनी पूर्ण सहकार्य केले नाही, अशी नोंद अहवालातच आहे. हॉली यांच्याशी झालेल्या गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून लुइव्हिलने काही माहिती देण्याचे टाळले. ज्या मौनाची चौकशी चालू होती, तेच मौन चौकशीच्या आड आले.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. क्लबांनी गैरवर्तनाची माहिती लीगला व महासंघाला द्यावी, तक्रारींची तत्काळ चौकशी व्हावी, प्रशिक्षकांचे परवाने काटेकोर छाननीनंतर दिले जावेत, या शिफारशी आवश्यकच आहेत. परंतु त्यांत माहितीचा अभाव हेच मूळ दुखणे मानल्यासारखे दिसते. वस्तुस्थिती निराळी आहे. डेम्स यांच्याविषयीच्या तक्रारी २०१८ मध्ये महासंघापर्यंत पोहोचल्या होत्या. तरी शिकागोचे प्रशिक्षकपद त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये राजीनामा देईपर्यंत सांभाळले. माहिती वरपर्यंत जात होती, पण तिच्यावर कृती करण्याची निकड कोणालाही भासत नव्हती. शिवाय २०२० अखेरपर्यंत लीगचे व्यवस्थापन महासंघाकडेच होते. अहवाल महासंघावर टीका करतो, हे खरे. पण उपाय सुचविताना पुन्हा बव्हंशी त्याच संस्थेवर भिस्त ठेवतो.

खेळाडूचे स्थान

ही निकड का भासली नाही, याचे उत्तर खेळाडूच्या दुबळ्या स्थानात शोधावे लागते. २०१३ मध्ये किमान वार्षिक वेतन अवघे ६,००० डॉलर होते. संघनिवडीचे अधिकार प्रशिक्षकाच्या हाती होते आणि खेळाडूला तिच्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाकडे धाडता येत असे. तक्रार करणे म्हणजे उपजीविका पणाला लावणे होते. प्रत्यक्ष बदल घडला तो खेळाडू संघटितपणे उभ्या राहिल्यावर. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी सामन्यांच्या सहाव्या मिनिटाला खेळ थांबविला. २०२२ च्या पहिल्या सामूहिक कराराने किमान वेतन ३५,००० डॉलरवर नेले. २०२४ च्या कराराने नवोदितांच्या निवडीची 'ड्राफ्ट' पद्धत रद्द केली आणि संघबदलासाठी खेळाडूची संमती अनिवार्य केली. वरवर पाहता ही कलमे आर्थिक वाटतात. परंतु प्रशिक्षकाच्या हातातील दहशतीचे साधन त्यांनीच काढून घेतले.

निष्कर्ष

जानेवारी २०२३ मध्ये लीगने वरील तिघांसह रिची बर्क यांच्यावर कायमची बंदी घातली; शिकागोला १५ लाख, तर पोर्टलंडला १० लाख डॉलरचा दंड झाला. फेब्रुवारी २०२५ मधील समझोत्यानुसार पीडित खेळाडूंसाठी ५० लाख डॉलरचा निधी ठरला. या कारवाईचे महत्त्व नाकारता येत नाही. मात्र, एका लीगची बंदी त्या लीगपुरतीच असते आणि दंड भरून क्लब मोकळा होतो. येट्स अहवाल हा मौनाच्या यंत्रणेचा विश्वसनीय दस्तऐवज आहे. त्या यंत्रणेवरील पुरेसा उपाय तो नव्हे. तक्रार करूनही आपले स्थान अबाधित राहील, अशी हमी खेळाडूला मिळाली, तरच ती बोलू शकते. ही हमी अहवालाच्या शिफारशींपेक्षा खेळाडूंच्या संघटित करारांत अधिक ठामपणे आढळते.