फोर्ट डेलावेअरची रात्र : ज्या प्रयोगात 'काहीच सापडलं नाही' म्हणायची सोय नाही

'रिसर्च डिझाइन चांगलं म्हणजे नेमकं कसं?' असा प्रश्न बऱ्याच जणांकडून येतो. पेट किंवा नेटची तयारी करताना व्याख्या पाठ होतात, पण व्हेरिएबल, कंट्रोल, बायस हे शब्द प्रत्यक्षात कुठे आणि कसे चुकतात ते दिसत नाही. म्हणून आज एका टीव्ही कार्यक्रमाचं परीक्षण करतोय. कार्यक्रम भुतांचा आहे, पण भूत असतं की नसतं हा आजचा विषय नाही. पुरावा कसा तयार होतो, हा आहे.

कार्यक्रम म्हणजे अमेरिकेतला 'घोस्ट हंटर्स'. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये साय फाय चॅनेलवर तो सुरू झाला. जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन हे त्यातले दोन प्रमुख. दिवसा प्लंबिंगचं काम करायचं आणि रात्री 'टॅप्स' या आपल्या गटासोबत झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घरांत, तुरुंगांत, दवाखान्यांत तपास करायचा, अशी त्यांची ओळख करून दिली जायची. दरवर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, तिकडे भुताखेतांच्या कार्यक्रमांना ऊत येतो. या मालिकेनेही त्या रात्री कित्येक तासांचे थेट प्रक्षेपणाचे विशेष भाग केले. त्यातला २००८ चा फोर्ट डेलावेअरचा भाग मी निवडलाय.

आधी चांगलं काय ते सांगतो

हा कार्यक्रम लोकप्रिय झाला तो उगाच नाही. नेहमीच्या भागांची एक शिस्त असते. आधी मालकाशी बोलणं, जागेची पाहणी, मग कॅमेरे आणि रेकॉर्डर लावणं, रात्रभर तपास, त्यानंतर सगळं रेकॉर्डिंग ऐकून-बघून छाननी आणि शेवटी मालकासमोर निष्कर्ष. मधे कुठे आवाज आला तर हे दोघं आधी पाइप बघतात, दाराची बिजागरी बघतात, खिडकीतून रस्त्यावरच्या गाडीचा उजेड येतोय का ते तपासतात. प्लंबरच ते, पाइप कसा आणि का वाजतो हे त्यांना पीएचडीवाल्यापेक्षा जास्त कळतं. बऱ्याचदा 'इथे आम्हाला खास काही आढळलं नाही' असंही ते मालकाला सांगतात. टीव्हीवर हे सांगायला धाडस लागतं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

माझा आक्षेप थेट प्रक्षेपणाच्या भागावर आहे. त्यात हीच शिस्त गळून पडते. छाननीला वेळ नाही, मालकाशी निवांत बोलणं नाही. जे घडेल ते त्याच क्षणी 'घडलं' म्हणून जाहीर होतं. आणि सणाच्या रात्री कित्येक तास लोकांना बसवून ठेवल्यावर शेवटी 'काही नाही सापडलं, शुभ रात्री' म्हणणं जवळपास अशक्य असतं.

जॅकेटची कॉलर

या भागातला सगळ्यात गाजलेला क्षण असा. अंधाऱ्या जागेत चालताना ग्रँट विल्सनच्या जॅकेटची कॉलर मागून कुणीतरी ओढल्यासारखी खाली जाते. कॅमेऱ्यात ती हालचाल स्पष्ट दिसते. तो दचकतो, बाकीचे हादरतात. नंतर ही क्लिप लोकांनी सावकाश चालवून पुन्हा पुन्हा पाहिली. त्याचा हात कुठे होता, त्या हातात दोरी असू शकते का, यावर रणकंदन माजलं. फसवणुकीचा आरोप विल्सन यांनी फेटाळला.

आता गंमत बघा. समर्थक आणि टीकाकार दोघंही एकाच प्रश्नावर भांडत राहिले : तो माणूस खरं बोलतोय की खोटं? संशोधकाच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम आहे. तो शंभर टक्के प्रामाणिक आहे असं मी इथे धरूनच चालतो. तरीही त्या क्लिपवरून काही ठरवता येतं का? नाही येत. त्यासाठी त्या क्षणी त्याच्या पाठीमागून दाखवणारा दुसरा कॅमेरा हवा. अंगावर माइकच्या वायरी, बेल्टला लटकवलेली उपकरणं असतात. त्यातलं काय कुठे अडकलं होतं याची आधी नोंद हवी. तीच हालचाल साध्या कारणाने होऊ शकते का हे तिथल्या तिथे, तेच जॅकेट घालून, सगळ्यांसमोर करून बघायला हवं.

लक्षात ठेवा, चांगलं डिझाइन संशोधकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहत नाही. संशोधक प्रामाणिक असो वा नसो, निकाल तोच यावा अशी व्यवस्था म्हणजे डिझाइन. आपण डबल ब्लाइंड चाचणी करतो ती डॉक्टर खोटारडे असतात म्हणून नव्हे. प्रामाणिक माणसालाही हवं तेच दिसतं, म्हणून करतो. आपल्याकडे म्हणतातच, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

उपकरणं नक्की काय मोजतात?

या कार्यक्रमांत उपकरणांचा थाट मोठा असतो. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं, विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं छोटं यंत्र, ज्यावरचे दिवे क्षेत्राच्या तीव्रतेप्रमाणे पेटतात. अशी स्वस्त यंत्रं जवळचा मोबाइल, वॉकीटॉकी, भिंतीतली वायर यांनाही प्रतिसाद देतात. आता थेट प्रक्षेपण म्हटलं की बिनतारी माइक, वॉकीटॉकी, केबल, जनरेटर हे सगळं आलंच. म्हणजे जिथे विद्युतचुंबकीय शांतता हवी तिथेच आपण जत्रा भरवली, आणि मग दिवा पेटला की विचारायचं, 'इथे कुणी आहे का?'

त्यातही उत्तराची पद्धत बघा. दिवा पेटला तर आत्म्याने 'हो' म्हटलं. नाही पेटला तर आत्म्याला बोलायचं नाही. म्हणजे कुठलाही निकाल आला तरी गृहीतक शाबूत! जे गृहीतक कशानेच खोटं ठरू शकत नाही, त्याच्या बाजूने पुरावा जमा होतोय असं म्हणताच येत नाही.

दुसरं, इन्फ्रारेड थर्मामीटर. लाल ठिपका पाडून 'हवा अचानक थंड झाली' असं सांगतात. पण हे यंत्र हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतं. विटांच्या भिंतीवरून नेम हलून खिडकीच्या काचेवर गेला की आकडा बदलणारच. आपल्या लॅबमधल्या यंत्राबद्दलही हाच प्रश्न विचारा : मला जे मोजायचंय ते हे यंत्र मोजतं का, की दुसरंच काही?

आणि दिवे घालवून तपास का? अंधारात दृष्टी सगळ्यात कच्ची होते. पूर्ण अंधारात स्थिर ठिपका हलल्यासारखा भासतो, याला ऑटोकायनेटिक परिणाम म्हणतात. मुझफर शेरीफ यांनी १९३५ मध्ये दाखवलं की ठिपका किती हलला याबद्दलचे गटातल्या लोकांचे अंदाज हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात. ठिपका मुळात हललेलाच नसतो. चार जणांनी एकच सावली पाहिली म्हणजे चार स्वतंत्र साक्षी झाल्या, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

हजार डोळ्यांचं गणित

अशा थेट भागांत घरबसल्या प्रेक्षकांनीही वेबवर स्थिर कॅमेऱ्यांचं चित्र बघावं आणि काही दिसलं तर बटण दाबावं, अशी सोय असायची. ऐकायला छान वाटतं, लोकसहभागच जणू! पण हिशोब करून बघू.

समजा एका माणसाला तासाभरात निव्वळ भास होण्याची शक्यता हजारात एक आहे. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतोय. हजार प्रेक्षक सहा तास बसले तर सहा हजार माणूस-तास झाले. म्हणजे सरासरी सहा खोट्या खबरी येणार, आणि एकही न येण्याची शक्यता ०.२५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजेच भूत असो नसो, 'काहीतरी दिसलं' हे ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीने घडणारच.

याच सापळ्याला आपण मल्टिपल कम्पॅरिझन म्हणतो. तुमच्या डेटात चाळीस व्हेरिएबल असतील आणि प्रत्येक जोडी तपासून p ०.०५ च्या खाली आलेली तेवढीच प्रबंधात घातली, तर तुम्हीही तेच बटण दाबताय.

मग अशा जागांचा अभ्यास होऊच शकत नाही का?

होतो की! आणि चांगला होतो. लँग आणि हूरन यांनी १९९७ मध्ये एका जुन्या नाट्यगृहात २२ जणांना फिरवलं. काहींना ती जागा झपाटलेली आहे असं सांगितलं, काहींना तिथे नूतनीकरण चालू आहे असं. पहिल्या गटाने कितीतरी जास्त विचित्र अनुभव नोंदवले. जागा एकच होती, फरक फक्त आधी दिलेल्या माहितीचा.

पण 'सगळे मनाचे खेळ' म्हणून मोकळं होऊ नका. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिनबरोची भुयारं इथला अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना विचित्र अनुभव ठरावीक जागीच जास्त येतात, आणि त्याचा संबंध प्रकाशासारख्या पर्यावरणातल्या घटकांशी दिसतो, असं त्यात आढळलं. याउलट ख्रिस फ्रेंच यांच्या गटाने २००९ मध्ये एक 'झपाटलेली खोली' मुद्दाम बांधली आणि तिच्यात चुंबकीय क्षेत्र व इन्फ्रासाउंड सोडून पाहिलं. अनुभव बरेच जणांना आले, पण क्षेत्र चालू आहे की बंद याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. सूचनेला बळी पडण्याची वृत्ती हेच सोपं स्पष्टीकरण ठरलं. म्हणजे इथे खरा, न सुटलेला वाद आहे, आणि तो कंट्रोल ठेवूनच पुढे सरकतोय.

फोर्ट डेलावेअरलाही हे जमलं असतं. दोन जुन्या इमारती घ्यायच्या, एकीची भुताची ख्याती, दुसरीची नाही. तपास करणाऱ्याला कुठली कुठली ते सांगायचं नाही. रेकॉर्डरवरचे 'आवाज' दोन्हीकडचे मिसळून तिऱ्हाइताला ऐकवायचे आणि जे ऐकू आलं ते त्यालाच लिहायला सांगायचं. कार्यक्रमात पडद्यावर आधी शब्द छापून मग खरखर ऐकवतात. शब्द वाचल्यावर तो ऐकू येणारच!

ज्यांचं नाव घेतलं ते

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. फोर्ट डेलावेअर डेलावेअर नदीतल्या पी पॅच बेटावर आहे. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने तिथे दक्षिणेकडच्या युद्धकैद्यांना डांबलं. युद्धकाळात जवळपास ३३,००० कैदी तिथून गेले, सुमारे २,५०० मेले. त्यात देवीची साथ आणि इतर आजारांचा मोठा वाटा होता. बहुतेकांना नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या फिन्स पॉइंटला पुरलं. तिथल्या स्मारकावर २,४३६ जणांची नावं कोरलेली आहेत.

म्हणजे 'इथे कुणी आहे का?' या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहिलेलं आहे, नावानिशी. कोण, कुठल्या तुकडीतला, कधी मेला याच्या नोंदी आहेत. एका बेटावर इतकी माणसं कोंबल्यावर रोग कसा पसरतो, हा खरा संशोधनाचा विषय आहे. सणाच्या रात्री त्या माणसांना जॅकेट ओढणारे हात एवढंच काम उरलं. कार्यक्रम म्हणून हा भाग रंगतो, वेळ बरा जातो, पण तपास म्हणून तो त्याच मालिकेच्या साध्या भागांपेक्षाही कच्चा आहे.

आणि त्यांना हसण्याआधी एक सांगतो. रॉबर्ट रोझेंथल यांनी १९७९ मध्ये 'फाइल ड्रॉवर'ची अडचण मांडली : निकाल न आलेले अभ्यास खणात पडून राहतात, छापून येतात ते 'सापडलं'वाले. गाइड, सहामाही प्रगती अहवाल, फेलोशिपची मुदत, ही आपली थेट प्रक्षेपणंच आहेत. तिथेही 'काही नाही आढळलं' म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून एक काम करा. प्रयोग सुरू करायच्या आधी, तारीख टाकून, वहीत एक वाक्य लिहा : 'अमुक निकाल आला तर माझं गृहीतक चुकलं असं मी मानेन.' ते वाक्य लिहिता येत नसेल, तर यंत्र चालू करू नका. आधी डिझाइन बदला.

तुमच्या विषयातलं असं वाक्य कमेंटमध्ये लिहा. पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन घेऊन बोलू.