‘सुसर’ खरोखरच ‘शिशूंना मारणारी’ का?

साताऱ्याकडून सांगलीकडे वाहणाऱ्या कृष्णेत मगरी आहेत, आणि मराठीत मगरीला सुसरही म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती पुष्कळदा अशी सांगितली जाते : सुसर म्हणजे संस्कृत ‘शिशुमार’, म्हणजे शिशूंना मारणारा प्राणी. ऐकताक्षणी पटावे असे हे स्पष्टीकरण आहे. पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

यातला पहिला भाग टिकतो. शिशुमार, प्राकृत-पालीतले सुंसुमार आणि मराठी सुसर ही साखळी ध्वनिबदलांच्या दृष्टीने सरळ आहे. अडचण आहे ती अर्थाची. ऋग्वेदात हा शब्द ‘शिंशुमार’ असा अनुस्वारासह येतो. ‘शिशु’ शब्दात तो अनुस्वार नाही. म्हणजे मूळ नावाचा अर्थ विस्मृतीत गेल्यावर लोकांनी त्याला ओळखीच्या शब्दांत बसवले असावे.

दुसरा पुरावा प्राण्यांचा. याच शब्दापासून आलेले हिंदी ‘सूंस’ हे नाव गंगेतल्या डॉल्फिनचे आहे. हा सस्तन प्राणी जवळजवळ आंधळा असून मासे खातो. मुलांना मारत नाही. पालीत मात्र सुंसुमार म्हणजे मगर. एकच नाव इतक्या भिन्न प्राण्यांना मिळत असेल, तर नावावरून स्वभाव कसा ठरवणार?

असे इतरत्रही घडले आहे. नवव्या शतकात ओटार या नॉर्वेच्या दर्यावर्दीने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला वॉलरसची माहिती सांगितली. जुन्या इंग्रजीतल्या त्या वृत्तांतात या प्राण्याचे नाव ‘हॉर्सह्वेल’, म्हणजे ‘घोडा-देवमासा’, असे आहे. जुन्या नॉर्समधील ‘रोस्महवाल’ या नावातला पहिला भाग न उमगल्याने तिथे घोडा आला, असे अनेक अभ्यासक मानतात. वॉलरस घोडाही नाही आणि देवमासाही नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. मगर माणसावर हल्ला करू शकते. नदीकाठच्या मुलांना तो धोका खराच आहे. पण तो कळतो निरीक्षणातून : मगर ऊन खायला कुठे येते, अंडी केव्हा घालते, कोणत्या घाटावर दिसते. नावातच ‘बालहत्या’ वाचली की सावधगिरीची जागा द्वेष घेतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेला प्राणी गुन्हेगार ठरतो.

वर्गात शिशुमाराची गोष्ट जरूर सांगावी. मात्र तिच्यापुढे एक प्रश्न जोडावा : हे आपल्याला कशावरून कळले?