भयकथेची सामग्री आणि संयम

भयाची कथा लिहू पाहणाऱ्या नवोदितांची हस्तलिखिते आमच्या हाती येतात, तेव्हा त्यांतील सामग्री बहुधा ठरलेली असते : अमावास्येची रात्र, पडका वाडा, कुत्र्याचे विव्हळणे. कथा हैदराबादेत लिहिलेली असली, तरी तीत हैदराबाद क्वचितच आढळते. या लेखकांना काय शिकवावे, हा येथील मराठीच्या अध्यापकांपुढचा खरा प्रश्न आहे.

उसने घेणे हाच दोष, असे आम्ही मानीत नाही. नारायण धारप यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर आधारलेली आहे. परंतु परकी कल्पना धारपांनी मराठी माणसांत आणि मराठी बोलण्यात रुजविली, म्हणूनच ती वाचकाला आपली वाटली.

याहून खोल धडा जी. ए. कुलकर्णी यांच्याकडून मिळतो. धारवाडसारख्या कन्नड नगरात इंग्रजीचे अध्यापन करीत त्यांनी मराठी कथा लिहिली. परभाषिक परिसरात मराठी जपणाऱ्या आपणांस ही परिस्थिती अपरिचित नाही. ‘निळासावळा’ (१९५९) मधील घरगुती दुःखापासून ‘काजळमाया’ (१९७२) मधील रूपकात्म कथांपर्यंत येण्यास त्यांना तेरा वर्षे लागली. आधी त्यांनी माणसे पाहिली, मिथके नंतर आली. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा घ्यावी. एका वाटसरूला आदराने मठात नेले जाते आणि स्वामी म्हणून भूमीखाली कायमचे कोंडले जाते. येथे भूत नाही, रक्तपातही नाही. यजमानाचे सौजन्य जसजसे वाढते, तसतशी वाचकाची धास्ती वाढते. लेखक कोठेही आवाज चढवीत नाही. भयाचा खरा शिल्पधर्म हाच, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या नगरीकडे वळू. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे बुडाली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली, असे सांगितले जाते. नवोदित लेखक येथे पाण्याच्या गर्जनेचे वर्णन करू लागेल. आम्ही त्याला विचारू : फांदीवर जागा असताना खालच्या माणसाला ज्याने हात दिला नाही, असा कोणी तेथे असेल, तर पूर ओसरल्यावर तो घरी जाऊन कसा जेवला? त्याच्या ताटात काय वाढले होते? तेवढे पाहता आले, तर अमावास्येची गरज उरत नाही.

अध्यापकांनी विद्यार्थ्यास प्रथम अशी एक जागा पायी फिरून पाहावयास सांगावी. भयाचा शब्द एकदाही न वापरता त्या जागेचे एक पान लिहून घ्यावे. कथेचा विचार त्यानंतर करावा.