टिम बकली आणि समेचं वजन

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं होतं, गायकानं वाट बदलली की तो विकला गेला असं आपण लगेच का म्हणतो? त्यासाठी आज आम्ही टिम बकलीचा १९७२ सालचा 'ग्रीटिंग्ज फ्रॉम एल. ए.' हा अल्बम घेतला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं फंकवर काय बोलावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. असू द्या. वाशीत गणपतीच्या मिरवणुकीतल्या ठोक्याला नाक मुरडणारेही आम्हीच.

बकली मूळचा गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारा, लोकसंगीताच्या वळणाचा. १९६६ साली पहिला अल्बम आला तेव्हा वय १९. पुढे जॅझ, मग १९७० च्या 'स्टारसेलर'मध्ये आवाजाचे टोकाचे प्रयोग. ते चाललं नाही. दोन वर्षांनी हा फंक. नुसता कालक्रम पाहिला तर आरोप सिद्धच! पण पैशाची गरज होती म्हणून गाणं खोटं ठरत नाही. ते ऐकूनच ठरवावं लागतं.

फंकमध्ये वजन पहिल्या मात्रेवर. आपल्या ढोलकीवाल्याला हे शिकवावं लागत नाही, सम त्याच्या हातातच असते. चक रेनीचा बास ही जमीन घट्ट धरून ठेवतो आणि बकली तिच्यावर सरळ उभाच राहत नाही. मात्रेच्या मागे रेंगाळतो, कुजबुजतो, एकदम वरच्या सप्तकात निसटतो. 'स्टारसेलर'चा गळा कुठंही गेलेला नाही. त्याला टेकायला भिंत मिळाली, एवढंच.

आपल्याकडे सोलापूरचा राम जोशी वैदिक घरातून तमाशात गेला, लावण्या रचल्या, नंतर कीर्तनंही केली. त्याचं पांडित्य लावणीत उतरलं, बुडालं नाही. बकलीचं शब्दांच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही, हे आम्हाला खटकतं. लावणी पुरुषानं रचलेली असली तरी बोलते बहुधा बाई. इथं बाई नुसती ऐकून घेते.

१९७४ चा 'लुक अ‍ॅट द फूल' इतका टिकत नाही. ताल आहे, पण गळा तालाच्या आज्ञेत राहायला लागला. पुढच्याच वर्षी, २८ व्या वर्षी, तो गेला.

बरं, आता 'स्वीट सरेंडर' लावू या. आवाज जरा वाढवा.