कोंकणचे बेने इस्राएल व ‘हरवलेले दहा वंश’ : एका मिशनरी मताचें परीक्षण

डिलाईल रोड, ज्यास हल्लीं ना. म. जोशी मार्ग म्हणतात, त्याच्या दक्षिणेस जेकब सर्कल म्हणजे लोकांच्या तोंडचा सात रस्ता आहे. तेथून जवळच तिफेरेथ इस्राएल हें बेने इस्राएल समाजाचें प्रार्थनामंदिर आहे. आणखी दोन हजार वर्षांनीं एखादा संशोधक या जागीं आला, आणि त्यास चौकाचें नांव व मंदिराचे अवशेष एवढेंच सांपडलें, तर तो खुशाल लिहील कीं, शास्त्रांतील याकोब, ज्याचें दुसरें नांव इस्राएल, त्याच्या वंशजांनींच हें नांव ठेविलें. वस्तुतः चौकाचें नांव एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचें आहे. नुसत्या नांवावरून वंश काढूं गेल्यास काय होतें, याचें हें उदाहरण आमच्या बिऱ्हाडापासून हांकेच्या अंतरावर आहे. प्रस्तुत लेखांत ज्या मताचें परीक्षण करावयाचें, तें याच जातीचें आहे.

तें मत डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५) यांचें. कोंकणांतील बेने इस्राएल हे, अश्शूरच्या राजानें ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास पाडाव करून नेलेल्या व पुढें इतिहासांत लुप्त झालेल्या दहा वंशांपैकीं असावेत, असा त्यांचा तर्क होता. विल्सनसाहेबांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. स्कॉच मिशनऱ्यांनीं १८२३ पासून बाणकोट व हर्णै येथें काम आरंभिलें होतें. मुंबईंत अमेरिकन मिशन १८१३ पासून होतें. दोहोंच्याही शाळांत बेने इस्राएल मुलें शिकत व बेने इस्राएल पंतोजी शिकवीत. विल्सन १८२९ सालीं आले, आणि १८३२ त त्यांनीं या समाजासाठीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापिलें. जो समाज आपल्या धर्मग्रंथाची भाषा जवळजवळ विसरला होता, त्यास ती त्याच्याच मायबोलींतून शिकविण्याचा हा उद्योग आदरणीयच आहे. परंतु आदर निराळा व प्रामाण्य निराळें.

पूर्वपक्ष असा : हे लोक आपणांस ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलचीं मुलें म्हणवितात, ‘यहुदी’ हें नांव त्यांस रुचत नाहीं. यहुदी हें नांव यहूदा वंशावरून पडलें. अर्थात् ज्यांस तें नको, ते त्या वंशाचे नव्हेत, उत्तरेकडील दहा वंशांचे होत. दुसरें असें कीं, हनुक्का हा सण त्यांस ठाऊक नव्हता. हा सण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत सुरू झाला. सबब त्यांचे पूर्वज त्यापूर्वींच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत.

यांपैकीं पहिला हेतु अन्यथासिद्ध आहे. तोरा ग्रंथांत संपूर्ण राष्ट्रासच, यहूदा वंशासुद्धां, ‘बेने इस्राएल’ म्हटलें आहे. शिवाय या समाजाच्या स्मरणांत जी एक हिब्रू प्रार्थना टिकून राहिली, ती ‘शेमा’. तींत संबोधन इस्राएलास आहे, यहूदास नाहीं. ज्यांजवळ शास्त्रापैकीं एवढाच अंश उरला, त्यांनीं त्यांतलेंच नांव धारण केलें, तर नवल कोणतें? मुसलमानी अमदानींत ‘बनी इस्राईल’ हें कुराणांतील नांव ‘यहुदी’ या शब्दापेक्षां अधिक मानाचें वाटत असे, हेंही कारण संभवतें. इतकीं सुलभ कारणें समोर असतां अडीच हजार वर्षांमागें जाण्याचें प्रयोजन काय?

दुसऱ्या हेतूविषयीं आमच्या मीमांसकांनीं घालून दिलेला नियम पुरेसा आहे. अभाव सिद्ध करण्यास नुसती अनुपलब्धि चालत नाहीं, योग्यानुपलब्धि लागते. म्हणजे जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिचें न दिसणें हेंच प्रमाण. अंधाऱ्या माजघरांत घडा दिसला नाहीं, म्हणून घडा नाहीं असें म्हणतां येत नाहीं. या समाजाजवळ हिब्रू पोथ्या नव्हत्या, भाषा विस्मृत झालेली. शनिवारीं घाणा बंद ठेवणें, सुंता, कांहीं उपास व सण आणि शेमा एवढेंच उरलेलें. ज्यांची इतर बहुतेक परंपरा लोपली, त्यांचा एक सण लोपला यावरून कालनिर्णय कसा व्हावा? येथें दीपच नाहीं. घड्याची गोष्ट पुढची. निःपक्षपातानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, खुद्द समाजांतील इतिहासकार हायिम सॅम्युएल केहिमकर यांनींही याच हनुक्काच्या अभावाचा आधार घेऊन ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचा काळ सुचविला. त्यांचा ग्रंथ १८९७ त लिहून झाला व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. माहितीच्या दृष्टीनें तो अमोल आहे. परंतु हा हेतु त्यांच्या हातींही तितकाच दुर्बळ राहतो.

मग विल्सनसारख्या बहुश्रुत पंडितानें हें मत कां धरिलें? आमच्या मतें याचें उत्तर कोंकणांत नसून पॅलेस्टाइनविषयींच्या तत्कालीन ख्रिस्ती कल्पनांत आहे. यहुद्यांनीं ख्रिस्त नाकारल्यावर त्यांस दिलेलें वचन ख्रिस्तमंडळीकडे गेलें, असें एक जुनें मत होतें. दुसरें मत प्रॉटेस्टंट पंथांत बळावलें : यहुदी राष्ट्र आपल्या भूमींत परत जाईल व ख्रिस्तासही मानील, मग भविष्यवाणी पूर्ण होईल. स्कॉटलंडच्या चर्चनें १८३९ सालीं चार धर्मोपदेशकांस पॅलेस्टाइनांत पाहणीसाठीं धाडिलें, तें याच उत्साहानें. १८४१ त यरुशलेमास नेमलेला पहिला प्रॉटेस्टंट बिशप जन्मानें यहुदी होता. विल्सन स्वतः १८४३ सालीं त्या देशांतून फिरले व १८४७ त त्यांनीं ‘लँड्स ऑफ दि बायबल’ हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतही बेने इस्राएलांचें वर्णन आहे. भविष्यवाणी पूर्ण व्हावयाची तर दहा वंश कोठेंतरी सांपडले पाहिजेत; आणि ज्यास जें शोधावयाचें असतें, त्यास तें रेवदंड्याच्या वाटेवरही दिसतें.

या दृष्टीचा मोठा दोष असा कीं, तींत कोंकण हें केवळ प्रवासांतील एक धर्मशाळा ठरतें. परंतु दिवेकर, पेणकर, केहिमकर, नवगांवकर हीं आडनांवें काय सांगतात? तारवें फुटून नवगांवच्या किनाऱ्यास सात जोडपीं लागलीं, ही त्यांची कथा. बुडालेल्यांचीं दफनस्थानें ते तेथेंच दाखवितात. एलिया पैगंबराच्या रथाची खूणही ते अलिबागेजवळच्या खडकावर पाहतात. यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करणारा मनुष्य गांवाचें नांव आडनांव म्हणून वागवितो. त्याच्या ठिकाणीं दोन भूमींची निष्ठा सुखानें नांदते. ही गोष्ट मिशनऱ्यांच्या चौकटींत बसली नाहीं.

समाजानें मात्र मिशनऱ्यांचें व्याकरण घेतलें, सिद्धांत ठेवून दिला. ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल फारच थोडे. कोचीनच्या शिक्षकांपासून व मिशनच्या शाळांतून मिळविलेलें हिब्रू त्यांनीं स्वधर्माच्या कामीं लाविलें. वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ त मुंबईस व १८७४ त पुण्यास छापली गेली. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले. केहिमकरांनीं १८७५ त शाळा काढिली. आणि मराठी कीर्तनाच्या ढंगानें शास्त्रांतील आख्यानें गाइलीं गेलीं. १८९७ च्या बासलच्या झायोनिस्ट परिषदेस त्यांनीं प्रतिनिधि धाडिला नाहीं. पुढें १९४८ नंतर मात्र समाजाचा मोठा भाग इस्राएलांत गेला.

उत्पत्तीचा वाद हा पंडितांचा खेळ नव्हे, हें तेथें दिसून आलें. तेथील धर्माधिकाऱ्यांनीं यांच्या विवाहांविषयीं शंका काढिल्या, आणि १९६४ त मोठें आंदोलन झाल्यावरच त्या मागें घेतल्या गेल्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासांत यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश या समाजांत आढळला, व मिश्रणाचा काळ सुमारें १९ ते ३३ पिढ्यांमागील निघाला. येथेंही सावध राहावें : मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. ख्रिस्ती मतही पुढें एकच राहिलें नाहीं. रोमन कॅथलिक चर्चनें १९६५ सालीं ख्रिस्तवधाचा दोष सर्व यहुद्यांवर लादणें अयोग्य ठरविलें. तर २००९ त पॅलेस्टाइनच्या ख्रिस्ती लोकांनीं, ही भूमि आमचीही मायभूमि आहे, शास्त्रवचनें आमच्याविरुद्ध वापरूं नका, अशी विनंति जगास केली. भविष्यवाणीच्या चष्म्यांतून भूमीकडे पाहणारास तेथें आज राहणारीं माणसें दिसत नाहींत, हा दोष मग एकट्या विल्सनांचा उरत नाहीं.

तो आमचाही होता. शाळेंत असतां आम्ही वर्गास ‘हरवलेल्या दहा वंशां’ची हकीकत मोठ्या रसानें सांगितली. मागच्या बांकावरील एक बेने इस्राएल विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, “सर, आम्ही हरवलों कधीं? आम्ही तर नवगांवासच होतों.” वर्ग हंसला, आम्हीही हंसून वेळ मारून नेली. त्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस निवृत्त व्हावें लागलें, आणि तें उत्तर हा लेख होय.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. क्लॉडियस बुकॅनन यांनीं गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं कोचीनहून तांबड्या चामड्याची तोरेची गुंडाळी मिळविली. ती केंब्रिजला सुरक्षित आहे, व १८१२ सालींच तिचें पाठसंकलन छापलें गेलें. कोंकणच्या बेने इस्राएलांपाशीं तसें प्राचीन धन नाहीं; त्यांचें धन म्हणजे मराठी हग्गादा, कीर्तनांचीं पुस्तकें, विवाहपत्रें, थडग्यांवरील लेख. मिशनरी ग्रंथ आपल्या कपाटांत आहेतच. हीं कागदपत्रें मात्र बिऱ्हाडें मोडतां मोडतां रद्दीच्या तराजूंत जातात. डिलाईल रोडवरील चाळी एकामागून एक उतरत आहेत. सिद्धांत पुढेंही करतां येतील. कागद एकदां गेले कीं योग्यानुपलब्धीचा प्रश्नच उरणार नाहीं, केवळ अंधार उरेल.