शेजारणीचा उपदेश

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की आरोग्यसेविका गावात जी गाणी म्हणतात त्यांना आपण कविता म्हणायचं का? प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. आज त्याचाच विचार करू.

अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे अशुभाचं निवारण. तिथं तो मयूर कवीचं उदाहरण देतो. सूर्याची स्तुती रचून मयूर रोगमुक्त झाला, असं परंपरा सांगते. म्हणजे बघा, कविता आणि आरोग्य यांचं नातं आपल्या काव्यशास्त्राला नवं नाही. आणखी एक प्रयोजन उपदेशाचं. वेद मालकासारखी आज्ञा करतात, इतिहास-पुराणं मित्रासारखी समजावतात आणि काव्य प्रिय पत्नीसारखं गोडीनं वळवतं, अशी ही विभागणी आहे.

आमचं म्हणणं असं, की या यादीत एक बाई राहून गेली. ती म्हणजे शेजारीण.

जात्यावरची ओवी आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वां यांच्या पुढाकारानं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, तसं बाळंतपण आणि दुखणंही आहे. ओवी बोलते ती समोर बसलेल्या बाईशी, तिला ‘बाई’, ‘सई’ म्हणत. सांगणारी आणि ऐकणारी, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. इथं उपदेश वरून खाली येत नाही.

१९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या बायांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यामागचा विचार हाच होता, की गाव ऐकेल ते आपल्यातल्या बाईचं.

आता चांगलं-वाईट ठरवायचं कसं? मध्यंतरी आम्ही एका तालुक्याच्या गावी आशाताईंच्या मेळाव्याला गेलो होतो. पहिलं गाणं लोहाच्या गोळ्या घ्या, दवाखान्यात चला, असं सांगणारं होतं. चाल ठसकेबाज, टाळ्याही पडल्या. पण सगळी क्रियापदं आज्ञार्थी! सरकारी भिंतीवरची घोषणाच ती, फक्त चालीत बसवलेली. दुसरं गाणं एका पोरसवदा सुनेचं होतं. गोळीनं मळमळतं म्हणून ती गोळ्या ज्वारीच्या कणगीत लपवते. आशाताई तिला रागावत नाही. मीही लपवल्या होत्या, म्हणते. जेवणानंतर घेऊन बघ, म्हणते. माहिती दोन्ही गाण्यांत तीच. पण दुसऱ्यात ऐकणारीचा अनुभव खरा मानला आहे. ज्ञान तिथं कबुलीतून येतं. आम्ही त्याला बेधडक कविता म्हणतो. ते उपयोगी आहे म्हणून त्याचं काव्य उणावत नाही; उलट त्यातलं काव्य नीट वठलं म्हणूनच ते उपयोगी पडतं.

पण एक धोकाही सांगायला हवा. या काव्यात सेवेचं कौतुक फार. आशाताई म्हणजे माउली, देवी. ‘आशा’ हे नावच बघा ना, योजनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून किती काव्यमय शब्द जुळवला आहे! २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. तरी कागदोपत्री त्या स्वयंसेविका, पगाराऐवजी कामागणिक मोबदला घेणाऱ्या. महाराष्ट्रातही त्यांना वारंवार संपावर जावं लागलं. देवीला पगार कोण देतो? जी कविता सेवेची आरती करते आणि सेविकेचा हिशेब विसरते, तिच्याकडे समीक्षकानं संशयानंच बघायला हवं.

कणगीचं गाणं म्हणणाऱ्या बाईंनी चहाच्या वेळी आम्हाला आणखी एक कडवं ऐकवलं. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात पोचवलं, रिक्षाचं भाडं पदरचं दिलं, ते अजून परत यायचंय, एवढंच त्यात होतं. हे व्यासपीठावर का नाही म्हणालात? आम्ही विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तेवढं सोडून म्हणा असं सांगितलं होतं, सर.’

मम्मटाच्या यादीत पहिलं प्रयोजन यश आणि दुसरं अर्थ, म्हणजे पैसा. कवीनं पैशाचा विचार करण्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा? त्या गाण्याची समीक्षा करायची, तर ते गाळलेलं कडवं धरूनच करायला हवी.