नाट्यगृह कुणाला विचारून बांधायचं?

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ही वास्तू आणि तिच्या पाठीला पाठ लावून असलेलं खासबागेचं कुस्तीचं मैदान म्हणजे कोल्हापूरकरांचा एकच सलग ठेवा. आगीनंतर गावभरातून एकच मागणी आली: होतं तसंच बांधा. या मागणीकडे निव्वळ गहिवर म्हणून पाहणं चूक ठरेल. मागच्या रांगेपर्यंत मायक्रोफोनशिवाय आवाज कसा पोचतो, कोणत्या विंगेतून एंट्री घेतली की किती पावलांत मध्यावर येता येतं, हे पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेलं ज्ञान त्यामागे होतं. असं ज्ञान नकाशावर उतरत नाही, म्हणून निर्णयाच्या टेबलापर्यंतही सहसा पोचत नाही. आपल्या सार्वजनिक सांस्कृतिक वास्तुकलेचं आजचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे, असं मला वाटतं.

पणजीची कला अकादमी त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. कांपालला मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही इमारत १९८३ च्या सुमारास पूर्ण झाली. प्रवेशापाशी माणसाला दबवून टाकणारा दरवाजा नाही. रस्त्यावरून छताखालच्या सावलीत शिरावं आणि तिकीट असो वा नसो, पायऱ्या, बैठका, मोकळे कोपरे ओलांडत थेट नदीपर्यंत चालत जावं, अशी ही रचना. वाटेत कुणीतरी तबल्याचे बोल घोकत असतं, कुणी नाटकाचं वाचन करत असतं, कुणी नुसतंच वाऱ्याला बसलेलं असतं. अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांच्या शैलीतली माणसं जुन्या नाट्यगृहाच्या सज्जांत बसल्यासारखी रंगवलेली आहेत. प्रेक्षागृहात चार डोकी असली तरी नटाला सभागृह रिकामं भासू नये, इतका विचार त्या भिंतींनी केलेला आहे. मराठी-कोंकणी नाट्यस्पर्धा, तियात्र, भजनी मंडळांच्या स्पर्धा हे सगळं या एका छताखाली नांदलं. खेड्यातून आलेल्या भजनी मंडळाला इथे परकं वाटत नसे. आधुनिक वास्तुकलेत ही गोष्ट फार थोड्यांना साधली आहे.

२०१९ मध्ये इमारत धोकादायक असल्याचं सांगत ती पाडण्याची भाषा सुरू झाली. वास्तुरचनाकार, कलाकार आणि कोरियांच्या नावाची संस्था विरोधात उभे राहिले, तेव्हा पाडकाम टळलं आणि दुरुस्ती ठरली. सुमारे ५० कोटींचं ते काम निविदा न काढता दिलं गेलं, यावर विधानसभेत गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये काम चालू असतानाच खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. नोव्हेंबरात अकादमी उघडली. मग गळती, ध्वनी आणि प्रकाशयोजनेच्या तक्रारी सुरू झाल्या आणि गोव्याच्या कलाकारांनी ‘कला राखण मांड’ या नावाखाली एकत्र येऊन दाद मागायला सुरुवात केली. पुढे त्रुटी तपासायला सरकारने कलाकारांचा समावेश असलेला कृतिगट नेमला. तो चार वर्षं आधी, पहिला पत्रा निघण्यापूर्वी नेमायला हवा होता. लाइट बार किती उंचीवर हवा, ध्वनिनियंत्रणाची खोली कुठून रंगमंच पाहते, ही चर्चा उद्‌घाटनाची फीत कापून झाल्यावर करायची नसते.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा इतिहास याच्या उलट सुरू होतो. १९६२ मध्ये भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिर उघडलं तेव्हा ते हयात नव्हते. उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा शब्द मानला गेला, म्हणजे ज्याने रंगमंचावर आणि रंगमंचामागे आयुष्य काढलं अशा माणसाला आधी विचारलं गेलं. गेली पन्नासहून अधिक वर्षं संगीत नाटक, प्रायोगिक नाटक, ऑर्केस्ट्रा, लावणी, व्याख्यानं सगळ्यांनी या वास्तूला आपलं मानलं. लावणीचा फड आणि शास्त्रीय मैफल एकाच तारीखवहीत शेजारी लिहिली जाते, हे या शहराचं खरं सांस्कृतिक वैभव आहे. पण २०१८ पासून पुनर्विकासाचे प्रस्ताव पुन्हापुन्हा वर येतात तेव्हा एकाच्या जागी लहानमोठी अनेक नाट्यगृहं, वाहनतळ, इतकीच मांडणी पुढे येते. अनेक नाट्यगृहं हवीतच, त्याला माझा विरोध नाही. छोट्या प्रयोगांना परवडणारी दीडशे-दोनशे खुर्च्यांची जागा मिळणं ही तर पुण्याची जुनी गरज. प्रश्न इतकाच की बांधकामाच्या काळात प्रयोग कुठे होतील, बॅकस्टेजच्या मुलांची रोजी कशी चालेल, नव्या जागेचं भाडं कोण ठरवेल, यांची उत्तरं आराखड्याच्या सोबत कधी आली? पावसात सेटचा टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लागतो, तेव्हा फ्लॅट न भिजता विंगेत कसे न्यायचे, हे त्या मुलांना विचारावं. सभागृहाच्या शोभेच्या छतापेक्षा मागच्या बाजूची एक पुरेशी रुंद, वर झाकलेली ओटी नाटकाच्या जास्त कामाची असते.

नाट्यगृहाबाहेरही हेच. मुंबईत वांद्र्याचा बँडस्टँड आणि कार्टर रोडचा किनारा रहिवाशांच्या संघटना आणि पी. के. दास यांच्यासारखे वास्तुरचनाकार यांच्या एकत्र कामातून फिरण्याजोगा झाला. समुद्र बघत मोफत बसायची जागा मिळाली, हे या शहरात मोठंच काम आहे आणि त्याचं मी मनापासून स्वागत करतो. तरीही लोकसहभाग म्हणताना कोणते लोक, हे विचारायलाच हवं. रहिवासी संघाच्या बैठकीला सोसायट्यांचे पदाधिकारी येतात. त्याच किनाऱ्यावर जाळी वाळवणारा कोळी किंवा संध्याकाळी चणे विकणारा तिथे क्वचित असतो आणि नंतरच्या नियमांचा फटका मात्र त्यालाच बसतो. या बाबतीत २०१५ ची धारावीची बिएनाले, म्हणजे कलामहोत्सव, मला जास्त शिकवून गेली. ‘स्नेहा’ या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने वस्तीतली माणसं आणि कलाकार यांना महिनोन्‌महिने एकत्र बसवलं. आजारपण, कचरा, घरातली हिंसा हे विषय वस्तीतून आले, वस्तूही तिथल्याच हातांनी घडल्या. ती जागा पाहुण्यांसाठी सजवलेली नव्हती, म्हणून तिथलं काम टिकाऊ वाटलं.

आणि सहभागाची सवय आपल्याला नवी नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाचा मांडव ही आपल्याकडची सर्वांत मोठी लोकरचना आहे. वर्गणी गल्लीतून निघते. अॅम्ब्युलन्स जायला किती जागा सोडायची, विजेची तार कुठून खाली येते, कोणत्या घरातल्या आजींच्या खिडकीसमोर भोंगा लावायचा नाही, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. मंडपवाला बांबू पुरण्याआधी त्यांनाच विचारतो. त्यातली ईर्ष्या, कानठळ्या आणि राजकारण्यांचे फलक हे दोष उघड आहेत आणि ते दूर व्हायलाच हवेत. पण जागा वापरणाराच जागेची मांडणी ठरवतो, ही रीत दहा दिवस पाळणारं शहर उरलेलं वर्षभर ती पालिकेच्या एका खात्यावर सोपवून मोकळं होतं.

म्हणून प्रत्येक नाट्यगृहाच्या दुरुस्तीआधी एक छोटी समिती बसवावी. तिच्यात नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनाकार, बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस, स्वच्छतागृह सांभाळणारी बाई, व्हीलचेअरवरून नाटकाला येणारा प्रेक्षक आणि तालुक्याच्या गावातून एकांकिका घेऊन येणारा कॉलेजचा गट असावा. त्यांच्या हजेरीचं मानधन द्यावं, कारण रोजगार बुडवून कुणी बैठकीला येणार नाही. इतिवृत्त मराठीत, नाट्यगृहाच्याच फलकावर लावावं. कोणती सूचना का नाकारली, हेही त्यात लिहावं. कोल्हापुरात पुन्हा उभारलेल्या नाट्यगृहात पहिली तालीम होईल तेव्हा रंगमंचावर नुसते नट नकोत. शेवटच्या रांगेत जुने बॅकस्टेजवाले बसवून आवाज पोचतो का, हे त्यांच्याकडून आधी ऐकून घ्यावं, आणि नाही म्हणाले तर ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवावं.